बसायला आलेली माणसं

बोईसरला येऊन डेल्फिनाला चौदा महिने झाले होते आणि तेवढ्यात तिच्या दोन खोल्या सुटल्या होत्या. आता तिसरी शोधायची होती, आणि शोधायला बाहेर पडण्याइतकंही तिच्या अंगात बळ उरलं नव्हतं.

पहिली खोली कॉलेजच्या वसतिगृहात होती. मुली पुरेशा आल्या नाहीत म्हणून वर्षाअखेरीस ते बंद झालं. दुसरी स्टेशनच्या पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, दोन नर्स मुलींबरोबर. त्या मुली बऱ्या होत्या. मालकही तसा वाईट नव्हता. एका संध्याकाळी तो जिन्यात भेटला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बेटा, सोसायटी में लोग बोलते हैं. महिनाअखेर तक देख लो." लोक काय बोलतात हे तिनं विचारलं नाही. विचारण्यात अर्थ नसतो हे एव्हाना तिला कळलं होतं.

डेल्फिना मोझांबिकची. किनाऱ्यावरच्या केलिमाने नावाच्या शहरातली. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि औषधनिर्माणशास्त्र शिकायला ती भारतात आली. मुंबईजवळचं कॉलेज, असं कागदावर लिहिलं होतं. ते जवळ म्हणजे किती, हे विमानतळावरून सामान घेऊन बोईसरला उतरल्यावर तिला समजलं. धुरकट आभाळ, ट्रकांच्या रांगा, वारा फिरला की घशाला लागणारा केमिकलचा वास आणि रस्त्यावरची, थांबून थांबून बघणारी माणसं. कुठून आलीस? केस खरे आहेत का? हात लावून बघू? तुमच्याकडे खातात काय? सुरुवातीला ती हसून उत्तरं द्यायची. नंतर टमटममध्ये बसली की कानात इअरफोन घालायची. गाणं लावायची नाही, नुसतेच घालायची.

तिच्या वर्गातली समिधा पालघरहून येऊन-जाऊन करायची. प्रॅक्टिकलला दोघींचं टेबल एकच. डेल्फिनानं खोलीचं सांगितलं तेव्हा समिधा टेस्टट्यूब धूत होती.

"माझी मावशी आहे चिंचणीला," ती म्हणाली. "मागची खोली रिकामीच असते. लांब पडेल तुला, पण विचारते."

"तिला सांग मी कशी दिसते ते," डेल्फिना इंग्रजीत म्हणाली. "आधीच सांग. मग मला तिथपर्यंत जायला नको."

समिधानं मावशीला फोटोच पाठवला. मावशीचा उलटा निरोप आला : पोरीला मासे चालतात का विचार.

प्रेमलामावशीचं घर चिंचणी गावात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. स्लॅबचं बैठं घर, पुढं ओटी, मागं नारळ आणि चिकूची वाडी. मावशीचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. मुलगा शैलेश मस्कतला नोकरीला. घरात मावशी आणि तिचे सासरे तात्या. तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. ते दिवसभर ओटीवर खाटेवर असत.

समिधाबरोबर डेल्फिना फाटकातून वाकून आत आली तेव्हा मावशी एक पाऊल मागं सरली. ते तिला लपवता आलं नाही.

"बाय गं, केवढी उंच!" ती म्हणाली, आणि मग स्वतःच शरमून तिच्या हातातली बॅग ओढून घेतली. "ये ये. पाय धू."

तिनं डेल्फिनाला मागची खोली दाखवली. हातात काही देताना ती वस्तूचं नाव मोठ्यानं सांगत होती, कानानं अधू असलेल्या माणसाला सांगावं तसं. "ही चावी. ही बादली. हा साबण."

डेल्फिना थांबली. "चावी?"

"चावी. कुलपाची."

"आमच्या भाषेत शाव्ह. हे बाल्द. हे... साबाँव," ती समिधाला इंग्रजीत म्हणाली.

मावशीला काही कळेना. समिधा हसायला लागली. ओटीवरून तात्यांचा आवाज आला, एकेक अक्षर जोडत काढलेला : "पोर्तुगीज... ते. फिरंगी... होते ना... हितं. शब्द... ठेवून गेले."

तात्यांचं बोलणं इतकं संथ झालं होतं की घरातल्या माणसांचा धीर सुटायचा. डेल्फिनाला मात्र ते बरं वाटलं. या देशात तिला संपूर्ण समजलेलं पहिलं मराठी वाक्य तात्यांचं होतं, कारण प्रत्येक शब्दानंतर विचार करायला वेळ मिळत होता.

शेजारच्या शांतारामला हे पसंत नव्हतं. तो कंपनीतून निवृत्त झालेला, वस्तीतल्या चार गोष्टींत लक्ष घालणारा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी उभा राहून तो मावशीला म्हणाला, "वहिनी, कुठली कोण पोरगी. कागदबिगद बघितलास का? उद्या काय झालं तर पोलीस तुझ्या दारात येतील."

"पोलिसांकडं मीच जातेय तिला घेऊन," मावशी म्हणाली.

आणि खरंच गेली. परदेशी विद्यार्थ्यानं पत्ता बदलला की घरमालकाच्या सहीनं कळवावं लागतं. दोघी पालघरला गेल्या, सबंध दिवस बाकावर बसल्या. एक झेरॉक्स कमी पडली म्हणून बाजारापर्यंत जाऊन आल्या, पुन्हा बसल्या. दुपारी मावशीनं पिशवीतून तांदळाची भाकरी आणि बटाट्याची भाजी काढली. समोरच्या बाकावरचं एक कुटुंब डेल्फिनाकडे एकटक बघत होतं. मावशीनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांना विचारलं, "काय हरवलंय का तुमचं?" त्यांनी माना फिरवल्या. डेल्फिनाला वाक्य कळलं नाही, पण मानांचं कळलं.

म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. चिंचणीहून कॉलेज लांब होतं. साडेपाचला उठायचं, नळ जायच्या आत पाणी भरायचं, टमटमनं बोईसर, तिथून पुन्हा दुसरी गाडी. दिवसभर इंग्रजीत व्याख्यानं, टिपणं उतरवताना डोक्यात पोर्तुगीज, आजूबाजूला हिंदी, घरी आल्यावर मराठी. संध्याकाळी तिच्या जिभेला कुठलीच भाषा उचलवत नसे. ती ओटीच्या पायरीवर तात्यांच्या खाटेजवळ बसून राहायची. तात्यांनाही बोलायचा कंटाळा असायचा. दोघं मिळून रस्त्याकडे बघायचे.

रविवारी ती घरी फोन लावायची. तिचे वडील आर्मांदो सायकल-टॅक्सी चालवायचे. मागच्या कॅरिअरला गादी बसवलेली सायकल, तिच्यावरून माणसं पोचवायची. केलिमानेत असे शेकड्यांनी होते. फोनवर ते मोठ्यानं विचारायचे, "कसं चाललंय?" ती म्हणायची, "सगळं ठीक." खोली सुटली तेव्हाही ठीक, तापानं चार दिवस पडली होती तेव्हाही ठीक. मग ती विचारायची, "तुमचं?" आणि तेही म्हणायचे, "सगळं ठीक."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, प्रॅक्टिकल चालू असताना, तिच्या भावाचा फोन आला. तो कधी मंगळवारी फोन करत नसे. तिनं बर्नर बंद केला, व्हरांड्यात जाऊन फोन घेतला आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

वडील पहाटे गेले होते. पाय सुजत होते, धाप लागत होती, हे दिवाळीच्या आसपासपासून चालू होतं. दवाखान्यातून गोळ्या दिल्या होत्या. बरं वाटलं की ते गोळ्या थांबवायचे आणि सायकल काढायचे. "तुला सांगू नका म्हणाले होते," भाऊ म्हणाला. "तुझा अभ्यास बिघडेल म्हणून."

भावानं त्या गोळ्यांचं नाव वाचून दाखवलं. डेल्फिनाला ते नाव माहीत होतं. गेल्याच सत्रात त्यावर तिला प्रश्न आला होता. त्या मध्येच थांबवल्या तर काय होतं हे तिनं उत्तरात क्रमवार लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते.

समिधानं तिला घरी आणलं. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "जाता येईल का तुला?" डेल्फिनानं मान हलवली. पोचायलाच तीन दिवस लागले असते आणि दफन दुसऱ्या दिवशी होतं. शिवाय राहण्याचा परवाना नूतनीकरणाला गेलेला. आता देशाबाहेर पडली तर परत आत घेतील याचा भरवसा नव्हता.

समिधानं स्वयंपाकघरात जाऊन मावशीला सांगितलं. मावशी तांदूळ निवडत होती. ती उठली, तांदूळ पुन्हा डब्यात ओतले आणि गॅसची शेगडी पुसून ठेवली.

"आज आपल्या घरी चूल पेटायची नाय," ती ओटीवर येऊन तात्यांना म्हणाली.

"का?" तात्यांनी विचारलं.

"डेल्फीचे वडील गेले."

"मग... बरोबर," तात्या म्हणाले.

मयताच्या घरी त्या दिवशी रांधत नाहीत, शेजारचे डबे आणतात. मावशीनं कुणाला बोलावलं नाही. नुसतं समोरच्या कमळीला सांगितलं, आमच्याकडं मयत झालंय म्हणून. कमळी घाबरून म्हणाली, "तात्या?" मावशी म्हणाली, "नाय. आमच्या पोरीचे वडील." अर्ध्या तासात कमळी मुगाची खिचडी घेऊन आली. मग मागच्या आळीतून कुणी भात आणि वालाचं बिरडं आणलं, कुणी चहाची किटली. बायका मागच्या खोलीत आल्या, डेल्फिनाच्या पलंगाभोवती जमिनीवर बसल्या. एक म्हातारी बाई तिचं पाऊल मांडीवर घेऊन चोळत बसली.

संध्याकाळी शांताराम आला. बरोबर आणखी दोघंजण. पायताण काढून ते ओटीवर बसले, भिंतीला पाठ लावून, हात गुडघ्यांवर. बसायला आलेली माणसं बसतात तसे. मावशीनं डेल्फिनाला बाहेर आणलं आणि तात्यांच्या खाटेशेजारी बसवलं.

"काय वय होतं?" शांतारामनं विचारलं.

समिधा भाषांतर करणार तेवढ्यात डेल्फिनाच म्हणाली, "बावन्न." आकडे तिला येत होते.

"लहानच की." शांतारामनं मान हलवली. "काय करायचे?"

"सायकल. माणूस मागे बसतो. ते चालवतात."

"म्हंजे मेहनतीचा माणूस."

दुसरे दोघंही म्हणाले, हां, मेहनतीचा. मग शांतारामला राहवलं नाही. "तुमच्यात जाळतात की पुरतात?"

"शांताराम!" मावशी आतून ओरडली.

"पुरतात," डेल्फिना म्हणाली. तिला राग आला नाही. इथं आल्यापासून तिच्या केसांबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. तिच्या बापाचं वय पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.

दफन दुसऱ्या दिवशी, इथल्या घड्याळानं दुपारी दीड वाजता होतं. भाऊ व्हिडिओ कॉल लावणार होता. मागच्या खोलीत रेंज नसायची, म्हणून मावशीनं ओटीवर चटई घातली. डेल्फिनानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. एका बाजूला मावशी बसली, दुसऱ्या बाजूला समिधा. तात्यांनी मान वळवून बघता यावं म्हणून उशी उंच करून घेतली.

चित्र आलं. पण धड काही दिसेना. लाल माती, बायकांच्या कापडांचे काठ, कुणाचे तरी बूट, मग एकदम आभाळ. गाणं ऐकू येत होतं, तेही तुटक तुटक. डेल्फिना पोर्तुगीजमध्ये ओरडली, "नीट धर! खाली धर! मला ते दिसत नाहीयेत!"

मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "नको ओरडू त्याला. फोन धरणाऱ्याचा हात हलतो. हलणारच."

समिधानं हळू आवाजात ते इंग्रजीत सांगितलं. मावशी पुढं बोलतच राहिली, फोनकडे बघत, काही खास सांगत नसल्यासारखी. "आमचे हे गेले तवा शैलेशला सुट्टी दिली नाय. मीच धरला होता फोन. सगळे म्हणत होते दुसऱ्या कुणाला तरी दे. मी नाय दिला. त्याला काय दिसलं असेल कोण जाणे. मी विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय. तीन वर्षं झाली."

समिधा हे भाषांतर करता करता अडली. तिला हे माहीत नव्हतं. मावशीनं हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तिकडे कुणीतरी भावाच्या हातून फोन घेतला असावा, कारण चित्र क्षणभर स्थिर झालं. खड्ड्याच्या कडेला डेल्फिनाची आई उभी होती, दोन बायकांनी धरलेली. फावडं चाललं होतं. पेटी दिसत नव्हती, तिच्यावर आधीच माती पडली होती. डेल्फिनानं वाकून स्क्रीनला कपाळ लावलं. मग रेंज गेली. समिधानं तीन वेळा परत लावून पाहिलं. लागला नाही.

पुढचे दिवस ती झोपून राहिली. रडत नव्हती, नुसती झोपायची. उठायची, ताटात असेल ते खायची, पुन्हा झोपायची. समिधा टिपणं आणून ठेवत होती. मावशी दारातून डोकावून जायची. एकदा तिनं समिधाला फोनवर सांगितलं, "पोरगी वर्षभराची झोप काढतेय. काढू दे."

पाचव्या दिवशी डेल्फिनानं आईला फोन केला. आईनं नेहमीसारखं विचारलं, कशी आहेस. डेल्फिना म्हणाली, "मी दमलेय, आई. आले तेव्हापासूनच दमलेय." मग खोल्यांचं, तापाचं, रस्त्यावरच्या बघणाऱ्यांचं सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. ती म्हणाली नाही की परत ये, आणि तिथंच राहा असंही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "हे त्याला सांगितलं असतंस तर त्यानंही तुला सांगितलं असतं गं." डेल्फिनाला हे फार लागलं. पण खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी मावशीनं विचारलं, "तुमच्यात काय करतात पुढं? दहावं, तेरावं असं काय असतं का?"

"सातवा दिवस. चर्च."

"म्हंजे परवा." मावशीनं विचार केला. "बोईसरला एक चर्च हाय. रविवारी तिथं गर्दी असते, मी बघितलीय. पण परवा मंगळवार. उघडं असेल ना?"

समिधानं चौकशी केली. सकाळी दहाला प्रार्थना करू, असं फादर म्हणाले. मावशीनं कुंपणापाशी जाऊन शांतारामला सांगितलं की परवा तुझी गाडी पाहिजे. शांतारामनं कुरकुर केली. मंगळवारी त्याला बँकेत जायचं होतं, गाडीचा एसी नीट चालत नव्हता, बोईसरच्या रस्त्यावर ट्रक फार. मंगळवारी नऊ वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी उभा होता.

चर्च लहान होतं, पत्र्याच्या छपराचं. प्रार्थना हिंदीत झाली. फादर केरळकडचे होते, त्यांनी आर्मांदो हे नाव दोनदा दोन तऱ्हांनी उच्चारलं. सगळे मिळून सहा माणसं होती. मावशी डोक्यावर पदर घेऊन बसली, इतर उभे राहिले की उभी राहायची, बसले की बसायची. शांताराम शेवटच्या बाकावर हात जोडून होता. प्रार्थना डेल्फिनाच्या ओळखीची होती, शब्द नव्हते. पण कुठं थांबायचं आणि कुठं "आमेन" म्हणायचं ते तिला कळत होतं. शेवटी तिनं एक मेणबत्ती लावली आणि ती नीट पेट धरेपर्यंत ज्योतीभोवती तळवा धरून उभी राहिली.

परत येताना ती गाडीत मागं बसली. मावशी पुढं. नाक्यावर ट्रकांची कोंडी होती. शांताराम एसीला शिव्या घालत होता. कोंडी सुटून गाडी चिंचणीच्या रस्त्याला लागली तेव्हा मावशीनं मागं वळून पाहिलं. डेल्फिना काचेला डोकं टेकून झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे.

घरासमोर शांतारामनं गाडी थांबवली आणि दार उघडायला हात घातला. मावशीनं त्याचं मनगट धरलं.

"काय?" तो म्हणाला.

मावशीनं डोळ्यांनी मागं खूण केली.

"अगं, घरात झोपेल की पलंगावर."

"उठवलं की परत लागायची नाय."

शांतारामनं वैतागून श्वास सोडला. बँक साडेतीनला बंद होणार होती. मग त्यानं गाडी हळूच पुढं घेतली, भेंडीच्या झाडाच्या सावलीत उभी केली, आणि एसीचा आवाज थांबू नये म्हणून इंजिन चालूच ठेवलं. कमळी काहीतरी विचारायला रस्ता ओलांडून येत होती. त्यानं काचेतून हातानंच तिला परत पाठवलं. ओटीवरून तात्या बघत होते.

डेल्फिना पाऊण तास झोपली. जाग आली तेव्हा काही क्षण तिला आपण कुठल्या देशात आहोत तेच समजेना. मग समोर दिसलं : पुढच्या सीटवर मावशीची मान छातीवर पडली होती, पदर खांद्यावरून घसरला होता आणि शांताराम स्टिअरिंगवर हात टाकून बारीक घोरत होता.

तिनं त्यांना उठवलं नाही. काचेतून वाडीतली चिकूची झाडं बघत ती बसून राहिली.